ज्या डिझाईनवरून तो साहेबांशी भांडला, त्याच डिझाईनमुळे ती जुनी गाडी आज सोन्याच्या भावात जाते

जानेवारी २०१४. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं स्कॉट्सडेल गाव. बॅरेट-जॅक्सन कंपनीचा जुन्या गाड्यांचा लिलाव इथं दरवर्षी जानेवारीत भरतो. त्या वर्षी स्टेजवर एक लालभडक गाडी आली. १९६७ सालची शेवरोले कॉर्व्हेट, आणि त्यातही एल-८८ नावाचं इंजिन असलेली.

बोली सुरू झाली आणि थांबली ती थेट ३५ लाख डॉलरवर. लिलाव कंपनीचं कमिशन धरून आकडा झाला ३८ लाख ५० हजार डॉलर. त्यावेळच्या भावाने जवळपास २४ कोटी रुपये.

आता गंमत बघा. १९६७ साली हीच गाडी शोरूममध्ये साधारण ६ हजार डॉलरला मिळत होती आणि तरीही ती घ्यायला फारसं कुणी तयार नव्हतं. अख्ख्या वर्षात या इंजिनाच्या फक्त २० गाड्या तयार झाल्या.

मग मधल्या ४७ वर्षांत असं काय झालं? गाडी तर तीच होती, उलट जुनी झाली होती. जुन्या अमेरिकन स्पोर्ट्स कारची किंमत नेमकी कशी ठरते, कधी चढते, कधी पडते, हे समजून घ्यायचं असेल तर एका माणसाचं आयुष्य बघावं लागतं. त्याचं नाव झोरा आर्कस-डंटोव्ह. अमेरिकेत त्याला कॉर्व्हेटचा बाप म्हणतात. पण खरं सांगायचं तर कॉर्व्हेटला जन्म त्याने दिला नव्हता. त्याने ती मरता मरता वाचवली होती.

दोन वडील आणि दोन आडनावं

झोराचा जन्म २५ डिसेंबर १९०९ चा, बेल्जियममधल्या ब्रुसेल्सचा. आईवडील रशियन ज्यू. वडील खाणकाम इंजिनिअर, आई वैद्यकीय शिक्षण घेत होती. पुढे कुटुंब रशियात सेंट पीटर्सबर्गला परतलं. तिथं १९१७ ची क्रांती, मागून आलेली उपासमार आणि यादवी, हे सगळं त्याने शाळकरी वयात बघितलं.

मधल्या काळात आईवडिलांचा घटस्फोट झाला. आईच्या आयुष्यात जोसेफ डंटोव्ह नावाचे गृहस्थ आले. पण वडील आर्कस घर सोडून गेले नाहीत, ते त्याच घरात राहिले. म्हणून झोरा आणि त्याचा भाऊ युरा यांनी पुढे दोघांचीही नावं लावली. आर्कस-डंटोव्ह.

१९२७ मध्ये कुटुंब बर्लिनला आलं. लहानपणी झोराला ट्राम चालवायची होती, बर्लिनमध्ये त्याच्या हातात मोटारसायकल आली. पठ्ठ्या ती रेस ट्रॅकवरही पळवायचा आणि शहराच्या रस्त्यांवरही. घरच्यांना धास्ती बसली. त्यांनी सांगितलं, ही विक आणि चारचाकी घे. याने चारचाकी घेतली, पण रेसिंगची. तिला पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते आणि मागचे नावापुरते होते.

१९३४ मध्ये त्याने बर्लिनच्या टेक्निकल कॉलेजातून इंजिनिअरिंग पूर्ण केलं. तोवर जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता आणि ज्यू माणसासाठी तिथं भविष्य उरलं नव्हतं. झोरा पॅरिसला गेला. १९३९ मध्ये त्याने एल्फी वुल्फ या जर्मन नर्तकीशी लग्न केलं. त्याच वर्षी महायुद्ध पेटलं आणि दोघे भाऊ फ्रेंच हवाई दलात भरती झाले.

१९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला. झोराने मार्सेलच्या स्पॅनिश वकिलातीतून घरच्या सगळ्यांसाठी व्हिसा मिळवले. पण एल्फी अजून पॅरिसमध्ये होती. जर्मन फौजा मागे आणि ही पुढे, अशा अवस्थेत ती आपली छोटी एमजी गाडी चालवत बोर्दोपर्यंत पोहोचली. तोवर झोरा आणि युरा एका वेश्यागृहात पाच दिवस लपून बसले होते. शेवटी सगळे पोर्तुगालला पोहोचले, जहाज धरलं आणि डिसेंबर १९४० मध्ये न्यूयॉर्कला उतरले.

न्यूयॉर्कमध्ये दोघा भावांनी आर्डन नावाची कंपनी काढली. आडनावांतलेच तुकडे जोडून बनवलेलं हे नाव. युद्धकाळात लष्करासाठी सुटे भाग बनवले, नंतर फोर्डच्या व्ही-८ इंजिनाची ताकद वाढवणारे सिलिंडर हेड बनवले. वस्तू भन्नाट होती, पण धंदा टिकला नाही. मग झोरा इंग्लंडला गेला, सिडनी अलार्डच्या स्पोर्ट्स कार कंपनीत काम केलं, फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत गाडी चालवली आणि पुन्हा अमेरिकेत आला. वय ४३. हातात मोठं असं काही नाही.

दिसायला झकास, पळायला सुमार

जानेवारी १९५३. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सने मोटोरामा नावाचं प्रदर्शन भरवलं होतं. तिथं एक पांढरी, दोन सीटची, फायबरग्लासच्या बॉडीची गाडी ठेवली होती. डिझाईन विभागाचे सर्वेसर्वा हार्ले अर्ल यांच्या डोक्यातून निघालेली ती गाडी म्हणजे कॉर्व्हेट.

झोराला गाडीचं रूप आवडलं. पण बॉनेटखाली काय आहे हे कळलं तेव्हा निराशा झाली. सहा सिलिंडरचं साधं इंजिन, १५० हॉर्सपॉवर आणि फक्त दोन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्याने शेवरोलेचे मुख्य इंजिनिअर एड कोल यांना पत्र लिहिलं, सोबत गाडीचा टॉप स्पीड कसा काढायचा यावरचा आपला तांत्रिक लेख जोडला. त्यातून बोलणी झाली आणि मे १९५३ मध्ये तो शेवरोलेत सहायक इंजिनिअर म्हणून रुजू झाला.

त्या पहिल्या वर्षी मिशिगनमधल्या फ्लिंट इथं जवळपास हातानेच जोडून ३०० कॉर्व्हेट तयार झाल्या. सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. किंमत ३,४९८ डॉलर. पुढच्या वर्षी कंपनीने जोर लावून ३,६४० गाड्या काढल्या, पण त्यातल्या हजारावर गाड्या पडून राहिल्या. १९५५ मध्ये तर आकडा ७०० वर आला. त्याच वर्षी फोर्डने थंडरबर्ड बाजारात आणली आणि १६ हजारांवर विकली.

कॉर्व्हेट बंद करायची चर्चा कंपनीत सुरू झाली होती. तेव्हा या नवख्या इंजिनिअरने वरिष्ठांना लिहून कळवलं की आता माघार घेतली तर ती फोर्डपुढची उघड हार ठरेल. त्याआधी डिसेंबर १९५३ मध्येही त्याने एक टिपण लिहिलं होतं. तरुण पोरं फोर्डची जुनी इंजिनं घेऊन खटपट करतात, मासिकंही फोर्डनेच भरलेली असतात, शेवरोलेला या पोरांच्या मनात शिरायचं असेल तर वेगाचं सामान कंपनीनेच बनवून दिलं पाहिजे, असा त्याचा मुद्दा होता.

१९५५ मध्ये शेवरोलेचं नवं व्ही-८ इंजिन कॉर्व्हेटमध्ये बसलं आणि गाडीचा जीव वाचला. झोरा नुसता कागदावर लिहून थांबला नाही. सप्टेंबर १९५५ मध्ये त्याने कोलोरॅडोतला पाइक्स पीक हा अवघड घाट शेवरोलेतून विक्रमी वेळेत चढून दाखवला. जानेवारी १९५६ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीचच्या वाळूवर कॉर्व्हेट ताशी १५० मैलांच्या वर नेली.

इथं बाजाराचा पहिला नियम कळतो. १९५३ ची कॉर्व्हेट चालवायला त्या मालिकेतली सगळ्यात सुमार. पण आज तिची चांगली राखलेली गाडी लाख डॉलरच्या पुढे जाते. कारण एकच, त्या फक्त ३०० होत्या आणि त्या पहिल्या होत्या. ती तेव्हा धडाक्यात खपली असती, तर आज एवढी महाग नसती.

काढून टाकलेला भाग

१९५७ मध्ये झोराच्या सहभागातून कॉर्व्हेटला फ्युएल इंजेक्शन मिळालं. कार्बोरेटर नाही, इंधन थेट मोजून इंजिनात. सर्वात ताकदवान इंजिनाची ताकद २८३ हॉर्सपॉवर. त्या वर्षीच्या ६,३३९ गाड्यांपैकी १,०४० गाड्यांना ही यंत्रणा होती.

पण गावोगावच्या मेकॅनिकना ती नीट लावता येईना. गाडी बंद पडली की गिऱ्हाईक वैतागायचं आणि मेकॅनिक सांगायचा, हे काढून टाका, साधा कार्बोरेटर बसवू. कितीतरी मालकांनी तसंच केलं. काढलेलं सामान गॅरेजच्या कोपऱ्यात गेलं, काही भंगारात गेलं.

आज तीच मूळ इंजेक्शन यंत्रणा सुटी विकायला आली तरी हजारो डॉलर मोजले जातात. कारण ती ज्या गाडीवर शाबूत आहे त्या गाडीची किंमत नुसत्या कार्बोरेटरवाल्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त असते.

काचेच्या मधली पट्टी

आता येतो या गोष्टीतला सगळ्यात भारी किस्सा.

१९६३ साठी कॉर्व्हेट पूर्ण नवी करायची ठरली. नाव मिळालं स्टिंग रे. खालचा सांगाडा, मागच्या दोन्ही चाकांचं वेगवेगळं सस्पेन्शन, वजनाचा तोल, हे सगळं झोराचं. वरचं रूप डिझाईन विभागाचं आणि त्या विभागाचे प्रमुख होते बिल मिचेल. हार्ले अर्ल निवृत्त झाल्यावर त्यांची खुर्ची मिचेलकडे आली होती आणि कंपनीत त्यांचा दरारा होता.

मिचेलना गाडीच्या छपरावरून मागेपर्यंत एक सलग कणा हवा होता. त्यासाठी मागची काच मधोमध दुभंगली आणि मध्ये बॉडीची उभी पट्टी आली. झोराचं म्हणणं साधं होतं. ड्रायव्हरला आरशात मागून येणारी गाडी दिसली पाहिजे आणि ही पट्टी नेमकी नजरेच्या आड येते. वेगात चालवायच्या गाडीत शोभेसाठी नजर झाकणं त्याला पटत नव्हतं.

दोघांत जोरदार वाजलं. मिचेल हटले नाहीत आणि १९६३ ची कूप दुभंगलेल्या काचेनिशी बाजारात आली. पण मागचं दिसत नाही ही तक्रार पुढेही येत राहिली. १९६४ मध्ये पट्टी गेली, एकसंध काच आली. म्हणजे इंजिनिअर शेवटी जिंकला.

काही मालकांनी तर १९६३ ची गाडी जुनाट दिसायला नको म्हणून स्वतःच ती पट्टी कापून काढली आणि नव्या मॉडेलची सलग काच बसवली.

पुढं काय झालं? दुभंगलेल्या काचेची कूप फक्त त्या एका वर्षी निघाली. १०,५९४ गाड्या, त्यानंतर एकही नाही. आज चांगल्या अवस्थेतली स्प्लिट विंडो लाख डॉलरच्या वर जाते आणि १९६४ ची, तीच यंत्रं असलेली, मागचं नीट दाखवणारी कूप त्याहून बऱ्याच कमी पैशांत मिळते. ज्यांनी पट्टी कापली होती त्यांच्या गाड्यांना नंतरच्या मालकांनी पैसे खर्चून पुन्हा पट्टी बसवली.

इंजिनिअरिंगच्या हिशेबात १९६४ ची गाडी सरस. बाजाराच्या हिशेबात १९६३ ची. लोक जुनी गाडी रोज ऑफिसला जायला घेत नाहीत, त्यामुळे आरशात काय दिसतं याला किंमत उरत नाही. लांबून बघताच ओळखू येणारं रूप आणि एकाच वर्षाची निर्मिती याला किंमत येते.

मागच्या दाराने रेसिंग

झोराचं खरं वेड रेसिंगचं. त्याने १९५७ मध्ये कॉर्व्हेट एसएस नावाची खास रेसिंग गाडी बनवली होती, ती सेब्रिंगच्या शर्यतीत २३ फेऱ्यांतच बंद पडली. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकन कार कंपन्यांच्या संघटनेने ठराव केला की कंपन्यांनी रेसिंगमध्ये उतरायचं नाही. जनरल मोटर्सने तो पाळायचं ठरवलं.

झोराने मागचं दार शोधलं. कंपनी रेस करणार नसेल तर गिऱ्हाईकाला रेसची गाडी विकू. शोरूमच्या यादीत असे पर्याय ठेवायचे की जाणकाराला बरोबर कळेल. १९६३ चं झेड-०६ पॅकेज त्यातलंच, त्याच्या १९९ गाड्या निघाल्या. त्याच सुमारास कॅरोल शेल्बीची कोब्रा कॉर्व्हेटला शर्यतीत धूळ चारत होती. उत्तर म्हणून झोराने अतिशय हलकी ग्रँड स्पोर्ट बनवायला घेतली. बेत होता १२५ गाड्यांचा. वरिष्ठांना सुगावा लागला आणि काम थांबलं. तोवर पाच गाड्या झाल्या होत्या. त्या भंगारात न जाता खासगी रेसरांच्या हाती पोहोचल्या. पाचही आज अस्तित्वात आहेत आणि त्यांची गणना सगळ्यात मौल्यवान कॉर्व्हेटमध्ये होते.

१९६७ चं एल-८८ हा याच खेळाचा पुढचा डाव. हे इंजिन घेणाऱ्याला ९४७ डॉलर ९० सेंट जादा द्यावे लागायचे, शिवाय रेसिंगचे ब्रेक, सस्पेन्शन घ्यावंच लागायचं. रेडिओ नाही, हीटर नाही. पेट्रोल रेसिंगच्या दर्जाचं लागणार. कागदावर ताकद लिहिली ४३० हॉर्सपॉवर. खरी ताकद ५०० च्या वर होती. यादीत त्याच्याच शेजारी ४३५ हॉर्सपॉवरचं, त्याहून स्वस्त आणि रस्त्यावर चालवायला सोयीचं इंजिन होतं. साहजिकच नुसता मोठा आकडा बघून येणारं गिऱ्हाईक ४३५ घ्यायचं. झोरा आणि मंडळींना तेच हवं होतं. एल-८८ फक्त शर्यतीत उतरणाऱ्याकडे जावी.

१९६७ मध्ये २०, १९६८ मध्ये ८० आणि १९६९ मध्ये ११६. तीन वर्षांत एकूण २१६ गाड्या. यातल्या बऱ्याच शर्यतीत वापरल्या गेल्या. इंजिनं फुटली, बदलली, बॉडी कापल्या गेल्या. मूळ इंजिनासह उरलेल्या मोजक्याच. स्कॉट्सडेलच्या त्या २४ कोटींमागचं गणित हे आहे.

भाव पडले, चढले, पुन्हा पडले

पण हा भाव सरळ रेषेत चढत गेला असं अजिबात नाही.

१९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या. प्रदूषणाचे नियम कडक झाले, ताकदवान गाड्यांचा विमा महागला. मोठ्या इंजिनाची जुनी गाडी म्हणजे पेट्रोल पिणारा पांढरा हत्ती. तेव्हा या गाड्या अक्षरशः मिळेल त्या भावाला जात होत्या. नव्या कॉर्व्हेटचीही तीच गत. १९७५ मध्ये तिचं साधं इंजिन १६५ हॉर्सपॉवरवर आलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला वयाच्या ६५ व्या वर्षी झोरा निवृत्त झाला.

१९७८ मध्ये कॉर्व्हेटला २५ वर्षं झाली. इंडियानापोलिसच्या शर्यतीत पेस कार होण्याचा मान मिळाला आणि कंपनीने काळ्या-चंदेरी रंगाच्या ६,५०२ खास गाड्या काढल्या. किंमत १३,६५३ डॉलर. पुढे सोनं होणार म्हणून लोक तुटून पडले. छापील किमतीच्या कितीतरी वर पैसे देऊन गाड्या घेतल्या आणि न चालवता झाकून ठेवल्या.

आज काय? सगळ्यांनीच जपून ठेवल्यामुळे अशा गाड्या ढिगाने शिल्लक आहेत. महागाई धरली तर बहुतेकांच्या हाती तेव्हाच्या पैशांएवढंही परत येत नाही. भविष्यात दुर्मिळ होणार म्हणून जी वस्तू सगळे जपतात, ती दुर्मिळ होतच नाही. एल-८८ कुणी जपली नव्हती, म्हणून ती दुर्मिळ झाली.

पुढे १९८० च्या दशकाच्या शेवटी जुन्या गाड्यांत सट्टा शिरला, भाव फुगले आणि १९९० नंतर आपटले. २००० नंतर पुन्हा तेजी आली, कारण युद्धानंतर जन्मलेली पिढी आता पन्नाशीत होती. पोरं मोठी झालेली, हातात पैसा आणि शाळेत असताना भिंतीवर चिकटवलेली गाडी आता घेता येत होती. लिलाव टीव्हीवर लाइव्ह दिसू लागले. २००८ च्या मंदीत पुन्हा घसरण. त्यानंतर अव्वल गाड्या वर गेल्या, २०१४ चा आकडा त्यातलाच. कोरोनाच्या काळात पुन्हा उसळी आणि मग थंडावा.

यातून एक गोष्ट दिसते. माणूस तारुण्यात जी गाडी परवडली नाही ती म्हातारपणी घेतो. त्यामुळे १९५० च्या दशकातल्या गाड्यांचे चाहते वयानं थकत चालले तसा तिथला जोर ओसरतोय आणि आज चाळिशी-पन्नाशीत असलेले लोक १९८०-९० च्या गाड्या शोधतायत. एल-८८, ग्रँड स्पोर्ट यांसारख्या मोजक्या गाड्यांची गोष्ट वेगळी, साध्या जुन्या गाडीला मात्र पिढी बदलल्याचा फटका बसतो.

नंबर जुळला पाहिजे

भाव एवढे चढले की नकली मालही येतो. म्हणून घेणारा आधी नंबर बघतो. इंजिनावर ठोकलेला क्रमांक आणि गाडीचा क्रमांक जुळतो का, म्हणजे हे इंजिन याच गाडीतून कारखान्याबाहेर पडलं का. १९६७ च्या कॉर्व्हेटमध्ये पेट्रोलच्या टाकीवर कारखान्याने एक कागद चिकटवलेला असायचा, त्यात ती गाडी कोणत्या सामानानिशी बनली हे लिहिलेलं असतं. त्या काळी कचरा वाटणारा तो कागद आज एल-८८ चा मोठा पुरावा ठरतो. तो नसेल तर भाव एकदम खाली.

१९७४ मध्ये स्थापन झालेली कॉर्व्हेट रिस्टोअर करणाऱ्यांची एक राष्ट्रीय संस्था आहे. तिचे जाणकार गाडी तपासतात. रंग, बोल्ट, वायरी, काचेवरची तारीख, सगळं कारखान्यातून निघालं तसंच हवं आणि प्रत्येक यंत्रणा चालू हवी. यातला सगळ्यात मानाचा पुरस्कार झोराच्याच नावाने आहे, डंटोव्ह मार्क ऑफ एक्सलन्स.

ज्या माणसाला गाडी जशी आहे तशी कधीच चालत नव्हती, जो दरवर्षी काहीतरी बदलायला बघायचा, त्याच्या नावाचा पुरस्कार मिळतो तो गाडीत काहीही न बदलल्याबद्दल.

जे झालं नाही ते

झोराचं एक स्वप्न मात्र अपुरं राहिलं. त्याला इंजिन ड्रायव्हरच्या मागे, गाडीच्या मध्यावर हवं होतं. वजनाचा तोल साधतो, वळणावर गाडी पकड सोडत नाही. त्यासाठी त्याने १९६० पासून प्रायोगिक गाड्या बनवल्या, प्रदर्शनांत मांडल्या, वरिष्ठांपुढे वाद घातले. उत्तर ठरलेलं. आहे ती गाडी विकली जातेय, मग खर्च कशाला?

निवृत्तीनंतरही कॉर्व्हेटवाले त्याला देवासारखं मानत. १९९२ मध्ये केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनच्या कारखान्यात दहा लाखावी कॉर्व्हेट बाहेर पडली, त्या सोहळ्याला तो होता. त्याच गावात नॅशनल कॉर्व्हेट म्युझियम उभं करायचं ठरलं तेव्हा भूमिपूजनाला या म्हाताऱ्याने स्वतः बुलडोझर चालवला. २१ एप्रिल १९९६ ला वयाच्या ८६ व्या वर्षी डेट्रॉइटमध्ये तो गेला. त्याची रक्षा याच म्युझियममध्ये ठेवली आहे.

१२ फेब्रुवारी २०१४ ला, म्हणजे स्कॉट्सडेलच्या लिलावानंतर महिन्याभराने, या म्युझियमची जमीन खचली आणि आठ कॉर्व्हेट खड्ड्यात गेल्या. त्यात ती दहा लाखावी गाडीही होती. तिच्यासह तीन गाड्या दुरुस्त झाल्या. उरलेल्या पाच चेपलेल्या अवस्थेतच ठेवल्या आहेत आणि लोक तिकीट काढून त्याही बघतात. ओरखडा पडला तर भाव पडणाऱ्या या दुनियेत चुराडा झालेल्या गाडीलाही गोष्टीमुळे मोल येतं.

१८ जुलै २०१९ ला शेवरोलेने आठव्या पिढीची कॉर्व्हेट दाखवली. इंजिन ड्रायव्हरच्या मागे. झोराला जाऊन २३ वर्षं झाली होती आणि त्याने पहिल्यांदा हा हट्ट धरला त्याला सहा दशकं.

त्याच्या हातून झालेलं उत्तम काम म्हणजे मागचं सस्पेन्शन, नीट दिसणारी काच, हजारो गाड्यांत बसलेलं भरवशाचं इंजिन. यातलं बरंचसं आज तुलनेनं स्वस्तात मिळतं. महाग विकलं जातं ते त्याला न आवडलेलं, कंपनीने थांबवलेलं किंवा गिऱ्हाईकाने नाकारलेलं. म्हणून जुनी गाडी घ्यायचा विचार कुणी करत असेल तर चांगली गाडी आणि महाग होणारी गाडी हे दोन वेगळे हिशेब आहेत एवढं डोक्यात ठेवावं. चालवायची असेल तर १९६४ ची घ्यावी. ती झोराच्या मनासारखी आहे आणि आरशात मागचं दिसतं.